मावशी, मानधन आणि मोलकरीण

मराठी समाजात वर्गभेदाची भाषा कधी नव्हतीच, ती बाहेरून आणली गेली, असा युक्तिवाद हल्ली वरचेवर कानावर येतो. तो करणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकदा ती चांगली शिकलेली, मृदू बोलणारी, दिवाळीला कामवाल्या बाईंना साडी न चुकता देणारी असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपण घरी काम करणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो, रखवालदाराला 'काका' किंवा 'मामा', गाडी चालवणाऱ्याला 'दादा'. ज्या भाषेत नोकरालाही नात्याने हाक मारतात, तिथे मालक आणि नोकर असा भेद कसला? 'घरेलू कामगार', 'श्रमिक', 'शोषित' हे शब्द संघटनांनी आणि कायदेवाल्यांनी घुसडले आणि जिथे माया होती तिथे हिशेब आणला.

नात्याची हाक ही मराठीची खरीखुरी श्रीमंती आहे, हे मला मान्य आहे. एसटीत अनोळखी म्हातारीला 'आजी, सरकता का जरा' म्हणावं आणि तिने 'बस रे बाळा' म्हणून गाठोडं मांडीवर घ्यावं, यात कुणी कुणाचा मालक नसतो. हाक इकडून जाते, तशीच तिकडून येते. माझा वाद पुराव्याशी आहे. हाक नात्याची आहे एवढ्यावरून नातं आहे असं ठरत नाही. नातं आहे की नाही ते पाहायचं तर परत येणारी हाक ऐकावी लागते, आणि ती ऐकण्याचे कष्ट हा युक्तिवाद करणारे घेत नाहीत.

आपण ज्यांना मावशी म्हणतो त्या आपल्याला भाचा किंवा भाची म्हणत नाहीत. त्या 'मॅडम' म्हणतात, 'साहेब' म्हणतात. नात्याने बोलल्याच तर 'वहिनी' किंवा 'ताई' म्हणतात, म्हणजे तिकडून जोडलं जाणारं नातं नेहमी मानाचं असतं. साठीची बाई तिशीतल्या मुलीला 'ताई' म्हणते. उलट, बावीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन शहरात आलेली पोर कामाला लागली की दुसऱ्या दिवशी घरातल्या आजोबांसकट सगळ्यांची मावशी होते. वयाचा, पिढीचा, रक्ताचा कुठलाच हिशेब न जुळणारं हे नातं आहे. जुळतो तो फक्त कामाचा हिशेब.

सर्वनामाचं पाहा. आईला 'तू', विठ्ठलाला 'तू' आणि भांडी घासणाऱ्या बाईला 'तू'. पहिल्या दोघांकडून उत्तर 'तू' असंच येतं. (विठ्ठल बोलत नाही हे ठाऊक आहे, पण बोललाच तर भक्ताला 'तुम्ही' म्हणेल असं कुठल्याही वारकऱ्याला वाटत नाही.) तिसरीकडून उत्तर येतं ते 'तुम्ही'. सख्ख्या मावशीलाही कित्येक घरांत एकेरीच बोलतात, मग यात गैर काय, असं विचारलं जातं. गैर एकेरीत नाहीच. वऱ्हाडी किंवा मालवणी मुलखात एकेरीला तो पुणेरी तोरा नसतो, तिथे वडीलधाऱ्यांनाही सहज 'तू' म्हटलं जातं. गैर आहे ते एकेरी आणि अनेकवचन यांच्या एकतर्फी वाटणीत.

आणि एक शब्द आहे, जो या सगळ्या मायेच्या गोष्टीत कुणी उच्चारत नाही: खाडा. 'मावशी खाडे फार करतात.' हे वाक्य मराठी शहरांतल्या असंख्य स्वयंपाकघरांत ऐकू येतं आणि ते बोलणाऱ्याला त्यातली विसंगती खुपत नाही. सख्खी मावशी येत नाही तेव्हा तिला बरं नसतं, किंवा ती रुसलेली असते. ती खाडा करत नाही. खाडा मजूर करतो, कारण खाड्याचे पैसे कापता येतात. म्हणजे महिनाअखेरीला हिशेब करताना आपल्याला ती कामगार आहे हे पक्कं ठाऊक असतं. विस्मरण होतं ते रजा देताना.

या नात्यांतही उतरंड आहे. पोळ्या करायला येणाऱ्या बाई 'काकू' असतात. धुणं-भांडी, केर-लादी करणाऱ्या 'मावशी' किंवा नुसत्याच 'बाई'. काकू बहुधा आपल्या किंवा आपल्या आसपासच्या जातीच्या असतात, कारण ओट्यापाशी कोण चालतं याचे नियम अजून घरोघर जिवंत आहेत, जाहिरातीत ते छापले जात नाहीत इतकंच. काकूंना बऱ्याच घरी 'अहो' असतं. मावशींना नसतं. आणि संडास-बाथरूम धुणाऱ्याला तर कुठलंच नातं नसतं. चुलती चुलीशी, मावशी मोरीशी, आणि त्यापलीकडे कुळाबाहेरचा माणूस. ज्यांना ही भाषा वर्गहीन वाटते त्यांनी आपल्याच घरातल्या हाका एका कागदावर लिहून शेजारी प्रत्येकीचं काम, पगार आणि जात लिहावी. पाच मिनिटांचं काम आहे.

इमारतीच्या फाटकावर तर हा नात्यांचा खेळ संपतोच. रखवालदाराच्या हातातल्या मोबाइलच्या नोंदीत मावशी 'मेड' असते किंवा 'डेली हेल्प'. तिच्यासाठी वेगळी लिफ्ट असते, जाताना तिची पिशवी उघडून पाहतात. ती पिशवी तपासणारा 'काका' संध्याकाळी बारा तासांची पाळी संपवून जातो तेव्हा त्यालाही कुणी 'काका, वर या, चहा घ्या' म्हणत नाही.

आता युक्तिवादाचा दुसरा भाग: ही उतरंडीची भाषा बाहेरून आली. याला इतिहासाचा आधार शून्य आहे. उलट, मराठी मुलखात कुणी कुणाला काय म्हणायचं यावर दरबारापर्यंत तंटे गेलेले आहेत. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने, पुणे दरबाराच्या आग्रहाखातर, सोनार जातीच्या लोकांनी 'नमस्कार' या शब्दाने अभिवादन करू नये असा ठराव केला. नमस्कार! आज जो शब्द दूरदर्शनवरच्या निवेदकापासून दारात आलेल्या विक्रेत्यापर्यंत कुणीही वापरतो, तो एका जातीने उच्चारू नये म्हणून एक राजसत्ता दुसऱ्या राजसत्तेकडे रदबदली करते आणि परकं सरकार ते मानतं. सोनारांनाही तो हवा होता, कारण अभिवादनाचा शब्द म्हणजे पंक्तीतली जागा हे त्या काळी सगळ्यांनाच माहीत होतं. 'शब्दांत काय आहे' हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नसता.

प्रत्येकाचं अभिवादन वाटून दिलेलं होतं. महारांनी 'जोहार' म्हणायचा, तोही लांबून, वाकून. त्या जोहाराच्या जागी विसाव्या शतकात 'जय भीम' आलं. ते रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं. दोन्ही शब्द अभिवादनाचेच, पण जोहार खालून वर जायचा आणि 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम' असंच येतं. समानता मोजायची याहून सोपी पट्टी मला माहीत नाही.

नावांचंही तेच. वरच्याच्या नावामागे राव, पंत, साहेब. खालच्याच्या नावाची मोडतोड: गणपत असेल तर गणप्या, राम असेल तर राम्या, आणि म्हातारपणी नातवंडांदेखतही तेच. पत्रांचे मायने बघा: 'श्रीमंत', 'राजमान्य राजश्री'पासून निव्वळ नावापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. गावकामाची वतनं घ्या. पाटील-कुलकर्ण्यांचं वतन ते वतन, आणि महारकीचं वतन म्हणजे अख्ख्या गावाची हक्काची वेठबिगार. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ते बदलण्याचं विधेयक आणलं. तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, ही वतनं कायद्याने संपवली तेव्हासुद्धा त्या कायद्याच्या नावात 'कनिष्ठ गाव वतने' असेच शब्द होते. रद्द करतानाही पायरी दाखवून दिली. आणि वस्त्या? महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावं काढून समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत असा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७३ वर्षं सरकारी दप्तरात पत्ता सांगितला की जात सांगितली जात होती. हे शब्द कुठल्या संघटनेने, कुठल्या डाव्या पत्रकाने घुसडले होते?

पण या वादातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा १९८० सालचा आहे. त्या वर्षी पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. पगार, रजा, माणसासारखी वागणूक, अशा साध्या मागण्या. त्यातून संघटना उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं गेलं 'पुणे शहर मोलकरीण संघटना'. त्याच सुमारास नागपुरात रूपा कुलकर्णींच्या पुढाकाराने उभी राहिली तीही 'विदर्भ मोलकरीण संघटना'. जरा थांबून या नावांकडे पाहा. एकत्र येऊन स्वतःला नाव द्यायची वेळ आली तेव्हा या बायकांच्या संघटनेच्या पाटीवर मावशी आली नाही, ताई आली नाही, 'गृहसेविका' असलं काही संस्कृताळलेलंही आलं नाही. जो शब्द पांढरपेशा घरांत उच्चारायला संकोच वाटतो, कमीपणाचा वाटतो, तोच त्यांनी उचलला. कारण त्यात मोल आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. मावशीला मोल मागता येत नाही, मागितलं तर तिची माया संपली असं होतं. मोलकरणीला मागता येतं. तो तिचा व्यवहारच आहे.

'मोलकरीण' हा शब्द अपमानकारक वाटतो तो कुणाला, हे यावरून कळावं. तो उच्चारताना ज्याला आपण मालक असल्याची आठवण होते, त्याला. 'मावशी' म्हणण्याने तिचा मान वाढतो की नाही हे तिलाच विचारा, पण आपली अडचण नक्की टळते. कमी पगार, रजा नाही, आजारपणात पैसे नाहीत, आणि तरीही आपण चांगले: हे सगळं एकत्र नांदायला एका गोड शब्दाची गरज असते.

गोड नावं वरून येण्याची आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे. मैला उचलणाऱ्याला 'मेहतर' म्हणत. फारसीत त्याचा अर्थ थोर, वडील माणूस. मुंबईच्या इमारतींत झाडूवाल्याला 'जमादार' म्हणत आले, जो एके काळी फौजेतला हुद्दा होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर 'हलालखोर' असा शब्द आहे, म्हणजे हलालाची, कष्टाची कमाई खाणारा. थोर, हुद्देदार, हलालाची खाणारा! तिन्ही पदव्या डोक्यावर मैल्याची पाटी असलेल्या माणसाला. पाटी मात्र कुठल्याच पदवीने उतरली नाही.

याच रांगेत 'हरिजन' येतो, आणि इथे हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. गांधीजींनी हा शब्द कळकळीने स्वीकारला, १९३३ मध्ये याच नावाचं साप्ताहिक पुण्यातून सुरू केलं, त्यांच्या कामाने पुष्कळ सवर्णांची मनं हललीही. पण १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्यातल्या दुरुस्तीत हा शब्द अधिकृत होऊ लागला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला, आणि बहुमताने ती फेटाळल्यावर त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. ज्यांना तो शब्द लावायचा ते समोर बसून 'नको' म्हणत होते, आणि सभागृह त्यांना 'तुमच्याच भल्याचं आहे' असं सांगत होतं. ज्या माणसाला स्वतःचं नावसुद्धा दुसऱ्याच्या बहुमताने मिळतं, त्याची पायरी त्या नावाच्या अर्थावरून ठरत नाही. पुढे त्या समाजातल्या तरुणांनी स्वतःसाठी निवडला तो 'दलित', पायदळी तुडवलेला, आणि १९७२ मध्ये त्याला जोडला 'पँथर'. पुन्हा तेच: स्वतः निवडलेलं नाव गोड नव्हतं. त्यात कुणीतरी तुडवल्याची नोंद होती. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती खात्याने दूरचित्रवाहिन्यांना 'दलित' हा शब्द टाळायला सांगितलं तेव्हा सोवळा शब्द कुणाच्या सोयीचा असतो हे नव्याने कळलं. कायद्याच्या कागदावर 'अनुसूचित जाती' हा शब्द लागतो, तो तिथे असावाच, पण वर्तमानपत्रातला आणि कवितेतला शब्द सरकारने ठरवायचं काय कारण?

सरकार आपल्याच दारी काय करतं ते पाहिलं तर कारण उमगतं. घरातल्या मावशीची युक्ती सरकारने केव्हाच आत्मसात केली आहे. अंगणवाडी चालवणारी बाई 'सेविका' आहे, तिच्या हाताखालची 'मदतनीस'. गावात गरोदर बायांच्या नोंदी ठेवणारी, लसीकरणाला मुलं गोळा करणारी, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी 'आशा स्वयंसेविका'. सेवा करणारीला पगार कसा द्यायचा? म्हणून मिळतं ते 'मानधन'. हा शब्द कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, परीक्षकाला शोभतो, कारण त्यांचं पोट त्यावर अवलंबून नसतं असं गृहीत असतं. महिन्याचे तीसही दिवस राबणाऱ्या बाईला मानधन म्हणून काही रक्कम देणं म्हणजे 'मान' या दोन अक्षरांनी वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं एका फटक्यात कापणं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मान आणखी वाढला. धनाचं काय, हे विचारायला त्यांना मोर्चेच काढावे लागले.

हा निव्वळ शब्दच्छल वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयात तो किती गंभीरपणे लढवला गेला ते पाहावं. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांनी ग्रॅच्युइटी मागितली. विरुद्ध बाजूचा पवित्रा असा की यांना मिळतं ते मानधन, ते वेतन नव्हे, आणि या नोकर नव्हेत. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने हे अमान्य केलं. नाव मानधन असलं तरी ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येत ते वेतनच आहे, असा निकाल दिला. एका शब्दाच्या आडोशाने वर्षानुवर्षांच्या सेवेची रक्कम अडवता येते, आणि तो शब्द बाजूला झाला की ती द्यावी लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला आणि तो पन्नास दिवसांहून अधिक चालला. त्यांना सेविका म्हणून ओवाळण्यात कुणाचीच हरकत नव्हती. अडलं ते कर्मचारी म्हणण्यापाशी.

बाजार तर याहून चपळ. घरपोच जेवण आणणारा मुलगा आता 'डिलिव्हरी पार्टनर' आहे, टॅक्सी चालवणारा 'ड्रायव्हर पार्टनर'. भागीदार! भागीदाराला नफ्यात वाटा असतो असं आम्ही व्यापारगणितात शिकलो होतो. इथे वाटा फक्त पावसात घसरलेल्या दुचाकीच्या दुरुस्तीत. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवणारी सेवा काढली आणि नाव दिलं 'इन्स्टा मेड्स'. लोकांनी झोडपलं, तेव्हा नाव झालं 'इन्स्टा हेल्प'. सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये जाहीर होता, त्यात कामगाराला पदरचं घालून जास्त देतो असं कंपनीचं म्हणणं. गंमत एवढीच की सगळ्या आरडाओरड्यातून सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात बदलता आली ती पाटी. पंधरा मिनिटांत दारात हजर होण्याची अट जिथल्या तिथे राहिली.

इथे विरोधक टाळी मागतील. 'बघा, तुम्हीच म्हणता नाव बदलून काही होत नाही. मग मावशीला कामगार म्हणूनही काय होणार?' हा या वादातला एकच आक्षेप मला सकस वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

'कूळ' हा शब्द घ्या. दुसऱ्याच्या जमिनीवर कसणारा, मालकाच्या मर्जीवर जगणारा, कधीही उठवता येणारा माणूस म्हणजे कूळ. कोकणात खोतापुढे कुळाला उभं राहायची पंचाईत. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसायचं नाकारलं, उपास काढले, तेव्हा कुठे कुळाचं म्हणणं सरकारच्या कानी गेलं. मग १९४८ चा कूळ कायदा आला, आणि पुढच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला: त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. शब्द तोच राहिला. कुणी त्याला 'भूमिसेवक' किंवा 'शेतकाका' केलं नाही. पण 'आमची जमीन कुळात गेली' असं एके काळचे जमीनदार सुस्कारा टाकून सांगतात तेव्हा त्या शब्दाचं वजन किती बदललं ते ऐकू येतं. गोव्यात 'मुंडकार' हा शब्द असाच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत झोपडी बांधून राहणारा, त्याच्या घरी फुकट राबणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढण्यापासून संरक्षण दिलं आणि 'मी मुंडकार आहे' हे वाक्य कचेरीत अर्जावर लिहिण्याजोगं झालं.

तेव्हा माझं उत्तर असं: शब्द बदलून परिस्थिती बदलत नाही, पण हक्क मागायला माणसाला अर्जावर लिहिता येईल असा शब्द लागतो. 'मावशी' अर्जावर लिहिता येत नाही. 'कूळ' आलं, 'मुंडकार' आलं, 'मोलकरीण' येतं. 'इन्स्टा मेड'ची 'इन्स्टा हेल्प' झाली ती विकणाऱ्याच्या सोयीसाठी. पुण्यातल्या बायकांनी मोलकरीण हा शब्द घेतला तो मागणाऱ्याच्या सोयीसाठी. नाव कोण ठेवतं हे पाहिलं की कुठला बदल पोकळ आणि कुठला भरीव हे बहुतेक वेळा कळतं.

'घरेलू कामगार' हा तर सरळ सरकारी शब्द, त्यात 'घरेलू' हे हिंदी रूप, कानाला खडबडीत. भाषेच्या दृष्टीने मलाही तो आवडत नाही. पण २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्यात तो आहे, आणि तो आहे म्हणून नोंदणी आहे. नोंदणी आहे म्हणून वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण केलेल्या बाईला दहा हजार रुपये मिळण्याची योजना आहे. (तिला नाव दिलं 'सन्मानधन'. सरकारची ही खोड सुटत नाही. आयुष्यभर घासलेल्या भांड्यांच्या हिशेबात दहा हजार म्हणजे काय, ते वाचकाने स्वतः मोजावं.) २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकामगाराची व्याख्या आहे आणि राहतं घर हे तिच्यासाठी कामाचं ठिकाण मानलेलं आहे. म्हणून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला तक्रार नेता येते. ज्या घरात ती 'घरचीच' आहे त्या घराविरुद्ध तक्रार नेताना तिला घरचं असून चालणार नाही. तिथे तिला कामगारच असावं लागेल.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्याची सुटी, कामाचे ठरलेले तास, लेखी अटी. भारताने तेव्हा बाजूने मत दिलं आणि आजतागायत तो मंजूर केलेला नाही. त्यामागे 'आपल्याकडे घरचं काम म्हणजे नातं असतं' ही भावना किती आणि खर्चाची चिंता किती, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरातून बांधावा.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो बहुधा विजयी मुद्रेने केला जातो: 'पण त्यांनाच मावशी म्हटलेलं आवडतं.' आवडत असेल. 'ए बाई' किंवा 'ए भांडीवाली'पेक्षा मावशी कुणालाही आवडेल. दोनच पर्याय ठेवायचे आणि त्यातला बरा निवडला की आवड म्हणायची, ही मालकांची जुनी सवय आहे. तिसरा पर्याय विचारून पाहिलाय का? 'शिंदेबाई', 'कांबळेताई', नावाने, 'अहो' लावून? बँकेतल्या रोखपाल बाईंना आपण जसं बोलतो तसं? मुलांना तर हे शिकवायला काहीच कष्ट नाहीत, ती शाळेतल्या बाईंना रोज तसंच बोलतात. आणि ज्यांना मावशीच म्हणायचं असेल, खरंच जीव लागला म्हणून, त्यांनी खुशाल म्हणावं. नात्याला बंदी कोण घालतंय? महिन्याच्या चार सुट्या पगारी, आजारपणात पैसे न कापता, दरवर्षी ठरलेली वाढ, दिवाळीला साडीऐवजी एक पगार, आणि हे सगळं एका कागदावर दोघांच्या सहीने. तो कागद फ्रिजवर लावून मग मावशी म्हणावं. खाडा हा शब्द मात्र त्या दिवसापासून घरात वापरता येणार नाही. त्याला रजा म्हणावं लागेल.